वेगाची ओळ

माझं दुकान लॅपटॉप दुरुस्तीचं, म्हणून सासूबाई मला ‘डॉक्टर’ म्हणतात. बायको गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, “डॉक्टर, तिचा लॅपटॉप आणलात ना?”

बायको ॲनिमेशन करायची. शेवटच्या आजारपणात तिनं आपल्या आईसाठी एक छोटी फिल्म केली होती. तिचं काम पुरं झालं होतं. मशीननं एकेक चित्र रंगवून फिल्म जोडायची तेवढी राहिली होती. पण लॅपटॉप जुना. एकेका चित्रावर तासन्‌तास अडून बसायचा. इकडे सासूबाईंची नजर झपाट्यानं चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

फाइल दुसऱ्या मशीनवर उघडेना. मग याचंच ओव्हरक्लॉकिंग करायचं ठरवलं. म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. पण बायोसमध्ये, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख, वेळ आणि पासवर्ड सोडून काहीच नव्हतं. बाकी सगळं कुलूपबंद. बाहेरचं सॉफ्टवेअर घालून पाहिलं. पंखा भणभणायचा, तळ तव्यासारखा तापायचा आणि मशीन मान टाकायचं.

“राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. “नका छळू तिला.”

“तिला?”

त्यांनी गरम झाकणावरून हात फिरवला.

एका सकाळी चहा घेता घेता मी पुन्हा बायोस उघडलं. पासवर्डच्या खाली एक ओळ होती. ‘वेग’. मराठीत. या मशीनच्या बायोसला मराठी येतच नव्हती. पुढे आकडा नाही, नुसती रिकामी चौकट. मी अधिकचं बटण दाबलं. काही झालं नाही. मग दाबून धरलं.

मशीन आपणच सुरू झालं, फिल्म उघडली आणि चित्रं भराभर रंगू लागली. पंखा थांबला होता. घाबरून तळाला हात लावला, तर तो गार. इतका गार, की टेबलावर पाण्याचे थेंब जमले होते. अशा वेगानं प्रोसेसर जळून जायला हवा होता. दुपारपर्यंत फिल्म तयार झाली.

सासूबाई पडद्याला नाक टेकवून बसल्या. चित्रातली तरुण आई गॅलरीत लेकीचे केस विंचरत होती. लेक हलत होती, आई टपली मारत होती.

“अश्शीच वळवळायची,” त्या म्हणाल्या. हसता हसता त्यांनी पडद्यावरून बोट फिरवलं.

फिल्म संपली. मी लॅपटॉप मिटला, वायर काढली.

“अहो, बंद का केलंत? चाललंय अजून.”

त्या समोर पाहत होत्या. समोर कोरी भिंत होती.

“आई, संपली फिल्म.”

“जिना चढतेय,” त्या म्हणाल्या. “मोठी झालीये आता.”

मी दाराकडे पाहिलं.

“चपला काढतेय. दमलीये हो.”

बाहेर जिन्यात कुणी नव्हतं. मी जाऊन पाहिलं.

परत आलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “डॉक्टर, विचारू का तिला? अजून दुखतं का म्हणून?”

मी त्यांचा हात दाबला.

त्यांनी विचारलं. कान देऊन ऐकलं.

“नाही म्हणतेय.”

मग त्या सोफ्यावर थोड्या सरकल्या. एका माणसापुरतं.

त्यांच्याशेजारची गादी सावकाश दबली.