मिठाच्या राजपुत्राला दिलेले गुण

नाशिकच्या प्रतिसाद प्रयोगशाळेत त्या सोमवारी पेढे वाटले गेले. कोरियातल्या सोलच्या एका निर्मात्यासाठी प्रयोगशाळेने घडवलेल्या पहिल्या प्रतिसादी मालिकेचा शेवटचा भाग शुक्रवारी प्रसारित झाला होता आणि चौदा लाख मराठी प्रेक्षकांची मते जमा झाली होती. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी मालिका आवडल्याचे कळवले होते. उरलेल्या एकाने बहुधा चुकून भलतेच बटण दाबले असावे, असे संचालकांचे म्हणणे होते.

यंत्रणेच्या मुख्य रचनाकार डॉ. शर्वरी बोकील यांनी मात्र पेढा हातात घेऊन तसाच टेबलावर ठेवला. त्यांचे सहकारी डॉ. तौफिक तांबोळी यांना गोडाचा असा अपमान सहन होत नसे. त्यांनी तो पेढा स्वतः खाल्ला आणि मग काय झाले म्हणून विचारले.

"माझ्या आईचं आणि गांगुर्डेमावशींचं बोलणं बंद झालंय," शर्वरी म्हणाली. "आणि ते या मालिकेमुळे झालंय. म्हणजे माझ्यामुळेच."

शर्वरीच्या आई शैलजा बोकील आणि हेमलता गांगुर्डे या दोघींनी तीस-तीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते आणि बोर्डाचे पेपर तपासले होते. निवृत्तीनंतर दोघींना कोरियन मालिकांचा नाद लागला. पण तपासनिसाचा हात स्वस्थ बसत नाही. दोघींनी प्रत्येक भागाला लाल शाईने गुण द्यायला सुरुवात केली. नायकाला दहापैकी, नायिकेला दहापैकी, खाष्ट सासूला दहापैकी; आणि दर मालिकेत छत्री घेऊन पावसात उभा राहणाऱ्या, शेवटी हात हलवत परत जाणाऱ्या त्या बिचाऱ्या दुसऱ्या नायकालाही दहापैकी. दर शुक्रवारी सकाळी अकराला बोकीलबाई नाशिकहून गांगुर्डेबाईंना मनमाडला फोन लावत आणि गुण जुळवत. ते अकरा वर्षांत एकदाही जुळले नव्हते. मग तासभर जे चाले त्याला भांडण हाच शब्द योग्य, आणि त्या भांडणाशिवाय दोघींचा आठवडा सरत नसे.

प्रतिसादी मालिकेचे तत्त्व सोपे होते. प्रेक्षकाच्या मनगटावर स्पंदवाचक नावाची पट्टी असते. मालिकेच्या सोळा भागांत प्रत्येकी तीन, अशी अठ्ठेचाळीस वळणे, आणि प्रत्येक वळणावर कथा दोनपैकी एका वाटेने जाऊ शकते. तोवरच्या कथेत नाडी कुठे किती उसळली ते पाहून यंत्रणा पुढची वाट निवडते. त्यामुळे प्रत्येकाला आपापली आवृत्ती मिळते. अशा किती आवृत्त्या होऊ शकतात हे तांबोळींनी पूर्वीच काढून भिंतीवर लिहून ठेवले होते: सुमारे दोनशे एक्याऐंशी लाख कोटी.

"आणि तीच तर अडचण आहे," शर्वरी म्हणाली. "पहिल्या शुक्रवारी दोघींनी गुण सांगितले. आईने नायकाला, म्हणजे त्या मिठाच्या राजपुत्राला, नऊ दिले होते, मावशींनी दोन. पूर्वी एवढ्या फरकावर दोन तास गेले असते. पण आपल्या जाहिरातीत लिहिलं होतं, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. तेव्हा दोघी म्हणाल्या, पेपरच वेगळा असेल तर गुणांवर वाद कसला? बोर्डाचा नियमच तो. फोन चार मिनिटांत संपला. पुढच्या शुक्रवारी दोन मिनिटांत. आता तीन आठवडे फोनच झालेला नाही."

कथेबद्दल तरी काही बोलल्या असतील ना, असे तांबोळींनी विचारले. शर्वरीने मान हलवली. दुसऱ्याच्या पेपरातले प्रश्न ऐकायचे नाहीत, हाही बोर्डाचाच नियम होता. दोघींनी आयुष्यात तो मोडला नव्हता आणि आता म्हातारपणी मोडायचा त्यांचा विचार नव्हता.

तांबोळी हसले, पण शर्वरीला हसू येत नव्हते. आई आता शुक्रवारी अकराला मटार सोलत बसते, फोनकडे पाहत नाही. परवा तिने लाल पेन शेजारच्या मुलीला देऊन टाकला. आईची अकरा वर्षांची मैत्री आपण एका शोधापायी तोडली, असे शर्वरीला वाटत होते.

उपाय तिने काढला होता. दोघींच्या आवृत्त्यांमधले अंतर मोजायचे, म्हणजे अठ्ठेचाळीसपैकी किती वळणे निराळी ते पाहायचे, आणि दोन्हींच्या मधली एक सामाईक आवृत्ती बनवून ती दोघींना पाहायला द्यायची. पेपर एक झाला की वाद आपोआप सुरू होईल. आवृत्ती ही खासगी बाब. म्हणून दोघींची लेखी परवानगी तिने आधीच मागवली होती. गांगुर्डेबाईंनी परवानगीच्या अर्जातली शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त करून पाठवली होती.

तांबोळींनी दोन्ही नोंदी यंत्रणेत घातल्या. एवढे परस्परविरुद्ध गुण म्हणजे अंतर चाळीसच्या वर जाईल, असा दोघांचा अंदाज होता. पडद्यावर आकडा उमटला: शून्य.

तांबोळींनी नोंदी तपासल्या. एकच नोंद चुकून दोनदा घातली गेली असेल, असे त्यांना वाटले. पण नाही, एक नाशिकची होती, दुसरी मनमाडची. पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस वळणे तीच. चौदा लाख प्रेक्षकांत दुसरी अशी एकही जोडी नव्हती.

"हे कसं शक्य आहे?" शर्वरीने विचारले. "एकीला तो आवडतो, दुसरीला डोळ्यांसमोर नको असतो."

तांबोळी खुर्चीत मागे रेलले. "आपलं यंत्र काय मोजतं, बोकील? नाडी किती उसळली ते. कशाने उसळली ते नाडी सांगत नाही. माया असो की संताप, ठोके तेच. पेढे खाण्याच्या नादात आपण सगळे हे विसरलो."

त्यांनी नवव्या भागाचा आलेख काढला. मालिकेतला राजपुत्र तीनशे वर्षे मिठागरात मिठाचा पुतळा होऊन पडलेला असतो. नूडल्सची गाडी चालवणारी सो-मी त्याला जागे करते आणि पुढे दोघांचे लग्न होते. पण त्याच्यावर कुणाचे अश्रू पडले की तो विरघळणार, असा शाप असतो. नवव्या भागात सो-मीचे डोळे भरून येतात आणि तो मुद्दाम तिला घालूनपाडून बोलतो, म्हणजे ती रडण्याऐवजी चिडेल. त्या क्षणी नाशिकची नाडी एकशे अठरावर गेली होती आणि मनमाडची एकशे एकोणीसवर. बोकीलबाईंना वाटले होते, पोरीच्या हातून आपला जीव जाऊ नये म्हणून केवढा हा कठोरपणा! गांगुर्डेबाईंना वाटले होते, बायकोशी असे बोलणाऱ्याला मिठागरातच ठेवायला हवे होते.

"पण अठ्ठेचाळीस वेळा? तीही नेमकी त्याच जागी?"

"अकरा वर्षं दोघी ज्या ज्या जागांवर भांडल्या," तांबोळी म्हणाले, "त्या त्या जागांवर दोघींच्या नाड्या उसळायला शिकल्या. एकमेकींचे कान पिळता पिळता त्यांनी एकमेकींचं काळीज घडवलंय. एवढी जुळणी लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यांतही मला सापडलेली नाही. माझ्या घरची नोंदही मी पाहिली आहे. अंतर एकतीस."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते पुसले आणि शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवारी अकराला तिने आईच्या समोरची मटारची परात बाजूला केली आणि मनमाडला फोन लावला. पडद्यावर गांगुर्डेबाईंचा चेहरा आला, जरा परका, जरा सावध. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग शर्वरीने दोन वाक्यांत सांगून टाकले, की दोघींनी पाहिलेली मालिका पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत एकच होती. पेपर एकच होता.

बोकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बोकीलबाई," पलीकडून हळूच आवाज आला, "सोळाव्या भागात, तो विरघळून गेल्यावर, ती ते मीठ गोळा करते. तुमच्यातही?"

"करते ना. बरणीत भरते."

"आणि मग ते मीठ ती नूडल्सच्या सुपात घालते?"

"पहिल्या वाटीत. आणि ती वाटी स्वतः पिते. मी ढसाढसा रडले, गांगुर्डेबाई. साडेनऊ गुण दिले मी त्या दृश्याला."

"साडेनऊ?" गांगुर्डेबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा एकदम वीस वर्षांनी लहान झाला होता. "अहो, नवऱ्याला सुपात घालून पिऊन टाकला तिने! आणि तुम्ही तिला साडेनऊ देता? मी शून्य दिलंय. समासात शेरा लिहिलाय."

"शेरा तुम्ही दहावीच्या पोरांनाही असेच लिहायचात. बिचारी पोरं. तो आता तिच्यात कायमचा राहिला, एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

"मला सगळं कळतं. माझं ब्लडप्रेशर आहे, मला मीठ वर्ज्य आहे, ते सोडा. पण तत्त्व म्हणून बोला."

बोकीलबाई तत्त्व म्हणून बोलू लागल्या. हात इतके जोरात हलत होते, की मटारच्या शेंगा जमिनीवर सांडल्या आणि त्यांच्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. नववा भाग निघाला, छत्रीवाला निघाला, सासूबाई निघाल्या. मग पहिल्या भागापासून रीतसर गुण जुळवणे सुरू झाले आणि सव्वा वाजला तरी दोघी सहाव्याच भागावर होत्या, कारण मधेच मागच्या वर्षीच्या मालिकेचा हिशेब चुकता करणे भाग पडले होते. शर्वरी दाराशी उभी राहून ऐकत होती आणि आपल्याला इतके हलके वाटून किती दिवस झाले ते आठवत होती.

शेवटी पाणी पिण्यापुरत्या दोघी थांबल्या, तेव्हा गांगुर्डेबाईंना एक शंका आली. त्यांनी शर्वरीला जवळ बोलावले आणि आवाज खाली आणून विचारले, "पुढच्या महिन्यात ती कोल्हिणीची नवी मालिका येतेय ना तुमची, त्यातही आमचा दोघींचा पेपर एकच येईल? तेवढी सोय करशील का, बाळा?"

शर्वरीने सांगितले, की तसे यंत्रणेत काही करता येत नाही. यंत्र फक्त नाडी वाचते.

"मग आम्ही काय करायचं?"

"आत्ता करताय तेच, मावशी," शर्वरी म्हणाली. "एकमत होऊ देऊ नका. एकमत झालं, की पुढचं मी काही सांगू शकत नाही."

दोघींनी गंभीरपणे माना डोलावल्या. मग बोकीलबाईंनी घसा साफ केला.

"सहाव्या भागातला तो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटला तितकाच मलाही वाईट वाटला होता. पण आता मी त्याला आठ देते."