हाकेला ओ

ती कान तपासायची. डॉक्टर नव्हती, आणि कोणी तसं म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायची. माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचा, मशीनमधून बारीक-मोठे सूर सोडायचे, सूर ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, एवढंच काम. पण त्यात लबाडी फार. बहिरं ठरायला कोणाला आवडतं? मग लोक अंदाजपंचे बोटं वर करत बसतात. ती फसत नसे. मध्येच मुद्दाम लांबलचक शांतता ठेवायची, आणि त्या शांततेत एखादं बोट वर झालं की मनातल्या मनात म्हणायची, सापडला चोर.

बेटावरच्या शिबिराला खरं तर दोघी जायच्या होत्या. ऐनवेळी सोबतीण कांजिण्यांनी आडवी झाली आणि ती एकटीच निघाली. नवरा गेल्यापासून घरात तिघीच: ती, सासूबाई आणि लहानगी बिट्टी. सासूबाईंनी डबा भरता भरता तोंडसुख घेतलं. "एकटी बाई आणि चहूकडे पाणी. तिकडे काय नारळांचे कान तपासणार आहेस?" बिट्टीची शंका वेगळी होती. चहूकडे पाणी असेल तर तू बाहेर कशी पडणार, असं तिने विचारलं. बोटीने, असं सांगून तिचं समाधान झालं नाही.

निघाल्यावर मात्र तिला बरं वाटलं. कित्येक वर्षांत ती एकटी कुठे गेली नव्हती. बोटीच्या टोकाला बसून तोंडावर खारं वारं घेताना, आपण कोणाची आई नाही, कोणाची सून नाही, असं घटकाभर वाटलं. त्या वाटण्याची तिला थोडी लाजही वाटली.

बेट होतं तळहाताएवढं. लाकडी धक्का, मग चढण, माडांची दाटी, डोळ्यांत खुपणारी वाळू, पत्र्याच्या छपरांची घरं. शाळेमागे जाळी विणणाऱ्या एका बाईंच्या घरात तिला खोली मिळाली. खोलीत खाट, माठ आणि भिंतीला वाळत घातलेली जाळी. फोनला रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला, असं त्या जाळीवाल्या बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं.

तपासणीला शाळेचा एक वर्ग होता. भिंती जाड, खिडक्या लावल्या की समुद्रसुद्धा बाहेर राहायचा. आत खडूचा आणि ओल्या लाकडाचा वास, आणि उकाडा असा की हेडफोनच्या गाद्या माणसागणिक पुसाव्या लागायच्या. लोक शिस्तीचे होते. बाहेर बाकावर ओळीने बसत, चपला दाराशी काढत. तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणू लागले.

होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आला, सोबत त्याची सून. जन्मभर खिळे ठोकून कान गेलेले. तिने सगळ्यात मोठा सूर सोडला, तरी बोट मांडीवरच. ठार बहिरा, असं ठरवून तिने मशीन बंद केलं. मशीनचा दिवा विझला. तेवढ्यात म्हाताऱ्याचं बोट वर झालं.

लबाडीचं बोट चाचपडत वर येतं. हे तसं नव्हतं. ते सरळ वर गेलं, थोडा वेळ थांबलं आणि खाली आलं. मग म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नको ते बोलून बसलेला माणूस जशी नजर चुकवतो तशी चुकवली.

"त्यांना काय ऐकू आलं?" तिने सुनेला विचारलं.

"काही नाही हो," सून त्याला उठवत म्हणाली. "म्हातारं माणूस."

दुसऱ्या दिवशी उकाड्यापायी दार उघडंच ठेवावं लागलं. खुर्चीत हेडमास्तर बसले होते, दाराकडे पाठ करून. ती अजून वायर जोडत होती. हेडमास्तरांचं बोट वर झालं, आणि त्याच क्षणी तिची नजर बाहेर गेली. बाकावरच्या सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या होत्या. बोलणी थांबली होती. एक बाई मूल थोपटत होती, तिचा हात तसाच अधांतरी राहिला होता. मूलही तिकडेच बघत होतं.

मग त्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि खाली झुकल्या.

तिने श्वास रोखून कान दिला. झावळ्या सळसळत होत्या. कुठे तरी कोंबडी कलकलत होती. दुसरं काही नाही. दुपारच्या सुट्टीत तिने हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले आणि स्वतःची तपासणी केली. सगळ्यात बारीक सूरही तिला लख्ख ऐकू आला. कानांत खोट नव्हती.

जाळीवाल्या बाई ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. ती जाऊन शेजारी बसली.

"बाई, इथे सगळ्यांना काय ऐकू येतं?"

"हाक." त्यांचा हात थांबला नाही.

"कोणाची?"

"कोणाची ते कोणाला ठाऊक. कोणाला आहे, तेवढं कळतं."

"मग मला का ऐकू येत नाही? माझे कान तुमच्यापेक्षा तिखट आहेत."

बाईंनी गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. "ज्याला हाक असते, फक्त त्यालाच ती ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांना येते."

ती हसली. पण हसू अर्ध्यावरच आटलं. "मग त्याने करायचं काय?"

"ओ द्यायची. ऐकू आली नाही तरी. ओ दिली की हाक थांबते."

"आणि माणूस?"

"त्याचंही थांबतं." बाईंनी जाळं मांडीवर फिरवून घेतलं. "त्रास नसतो काही. वयस्कर बाईचा आवाज आहे, फार मायेने मारतेय. पण तुम्ही पडलात पाहुण्या. तुम्हाला सांगणं आमच्या जिवावर आलं."

खोलीत येऊन तिने स्वतःची समजूत घातली. एकाने मान वळवली की बाकीचे मेंढरांसारखे वळवतात. म्हाताऱ्याच्या हाताला कंप असेल. हेडमास्तर कंटाळले असतील. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होतं, आणि सगळी कारणं एकत्र ठेवली की त्यांतलं एकही पटत नव्हतं.

उन्हं कलल्यावर ती धक्क्याच्या टोकाला गेली आणि घरी फोन लावला. बिट्टीने शाळेतलं भांडण साग्रसंगीत सांगितलं. मग ती मध्येच थांबली.

"आई, तिथे छबू कोण आहे?"

"काय?"

"कोणीतरी तिला केव्हापासून हाक मारतंय. ती ओ का देत नाही? रुसलीय का?"

छबू तिला तिची आई म्हणायची. फक्त आईच. तिचं लग्न व्हायच्या आधीच आई गेली आणि ते नाव आईबरोबर गेलं. ते नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूबाईंना नव्हतं, बिट्टीला तर नव्हतंच नव्हतं.

"कशी हाक मारतायत, बिट्टी?"

"लांबून. 'छबूऽऽ, ये गं' अशी. आता परत मारली बघ."

तिने फोन कानापासून दूर धरला. फळ्यांखाली पाणी चुबकत होतं. एक दोर करकरत होता. एवढंच.

तिला आधी भीती वाटलीच नाही, रडू आलं. सगळं बेट आईचा आवाज ऐकत होतं. आईला कधी न पाहिलेली बिट्टी तो ऐकत होती. फक्त तिच्या वाट्याला तो नव्हता. ओ तिच्या घशाशी आली होती. तिने तोंडावर हात दाबून धरला.

"आई?" फोनमधून बिट्टी म्हणाली. "आई, तू आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "उद्या येतेय मी घरी."

सकाळच्या बोटीला ती निघाली. शिबिर अर्धवट राहिलं, तरी हेडमास्तरांनी मशीन स्वतः बांधून दिलं. जाळीवाल्या बाई तिची पिशवी घेऊन धक्क्यापर्यंत आल्या. ती बोटीत बसल्यावर त्यांनी पिशवी आत दिली, पण बंद सोडला नाही.

"घरी कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही," ती म्हणाली. ती असं का बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही. तोंडून निघून गेलं.

बाईंचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिशवीचा बंद सोडला. बोटवाल्याने दोर काढून आत टाकला आणि इंजिन सुरू केलं.

"मग बरं झालं," बाई धक्क्यावरून म्हणाल्या. "माझा भाऊ असाच निघून गेला होता. तो वाचला. पण त्याला मुलगा होता हो. हाक रिकामी परत जात नाही."

बोट आणि धक्का यांच्यात तेव्हा हातभरच पाणी होतं. तेवढ्यावरून उडी मारता आली असती. ती उभीही राहिली. बिट्टीपाशी पोचायचं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि खाली बसली. पाणी रुंद होत गेलं.

बेट मागे पडून रेघेएवढं झालं. ऊन चढलं होतं. इंजिनाच्या आवाजात बोटवाल्याचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं.

आणि तेव्हा तिला हाक ऐकू आली.

लांबून, पाण्यावरून. शब्द कळला नाही, पण हाक होती यात शंका नाही. तिचं सगळं अंग हलकं झालं. ऐकू आली, म्हणजे आपली नव्हे.

बोटवाल्यानेही मान वळवली होती. "तुम्हालाही आली ना? मग सुटलात," तो ओरडून म्हणाला. मग त्याने पुन्हा कान दिला. "पण हे नाव तर आमच्याकडे कोणाचंच नाही."

दुसरी हाक स्पष्ट आली.

"बिट्टीऽऽ."

शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. घरात जेवायला बोलावतात तसं. तो आवाज तिने ओळखला. तो तिचा स्वतःचा होता.

तिने फोन काढला. रेंज नव्हती. ती बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली, हात उंच धरून. मागून हाक येतच होती, न रागावता, न थकता.

किनारा दिसू लागला तेव्हा फोन लागला. उचलला बिट्टीने.

"बिट्टी, आजीला दे. लवकर."

"आजी गॅलरीत आहे. आई, तू आलीस ना?"

"नाही. मी अजून बोटीत आहे."

"असं काय गं. आजी म्हणते तू खाली आलीयेस. मला हाक मारतेयस मघापासून. शेजारच्या काकूंनाही ऐकू आली. मला तर काहीच ऐकू येत नाही."

"बिट्टी, ऐक माझं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कोणी काही म्हणालं तरी."

फोनमधून सासूबाईंचा आवाज जवळ आला. "अगं, आई कधीची हाक मारतेय खालून. आधी तिला ओ दे, मग बस फोनवर बोलत."

"पण आजी, फोनवर आईच—"

"ओ दे म्हणते ना."

"बिट्टी, नाही," ती ओरडली. बोटवाल्याने वळून पाहिलं.

पण फोन बिट्टीच्या कानापासून दूर गेला होता. गॅलरीकडे जाणारी पावलं ऐकू आली. मग थोड्या अंतरावरून, आज्ञाधारक पोर देते तशी, बिट्टीने ओ दिली.

पाण्यावरची हाक थांबली.