मार्लिसचे आठ तास

त्या दुपारी मी बहिणीची खोली आवरायला गेलो होतो, एवढंच. मार्लिसला जाऊन सहा आठवडे झाले होते. डलुथला हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येतं. खोली खायला उठली, म्हणून मी टीव्ही लावला, तर तिचा अर्धवट राहिलेला गेम समोर आला. पिवळा रेनकोट घातलेली मुलगी, झपाटलेलं हॉटेल, कुलपांमागून कुलपं आणि प्रत्येक कुलपाला एक कोडं. तिच्या सेव्हपुढे, म्हणजे ती जिथवर पोचली होती त्या नोंदीपुढे, वेळ होती पाच तास दहा मिनिटं. मी नुसता बघत बसलो.

पुढच्या रविवारी तिथेच सहा तास चाळीस मिनिटं होती, आणि मुलगी जिना चढून वरच्या मजल्यावर पोचली होती.

माझ्याबरोबर गोदीवर काम करणारा ओडेल म्हणजे गेमचा किडा. मशीन चालू राहिलं असेल, म्हणाला. मी तर वायरच काढून ठेवली होती.

"संपायला किती वेळ लागतो रे?" मी विचारलं.

"आठेक तास. कोडी सुटत गेली तर."

"आणि संपल्यावर?"

"दार उघडतं, ती बाहेर पडते. मग काय... गेम बनवणाऱ्यांची नावं येतात."

मार्लिसला कोडी सुटायची. कुणाला विचारेल तर शपथ. मला हसू आलं.

तिसऱ्या रविवारी सात तास अठ्ठावन्न. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता, बर्फातून आलेल्या मार्लिसच्या कोटाला यायचा तसा. मुलगी मोठ्या दारापाशी उभी होती, किल्ली हातात. फटीतून उजेड येत होता, सकाळचा, अगदी शांत. एक बटण दाबायचं होतं.

मला ते जमलं नाही. ती गेली की माझं कोण उरणार होतं? पुढे अडकलोच तर परतता यावं म्हणून खेळणारे एक जुना सेव्ह राखून ठेवतात. तिनेही ठेवला होता, पहिल्या तासातला, तळघरातला. मी तो उघडला आणि नव्यावर चढवला. तिची सगळी वाट पुसली गेली.

"राहा गं अजून थोडी," मी म्हणालो.

आता वेळ पुढे सरकते, मुलगी मात्र तळघरातून हलत नाही. काल बाविसावा तास संपला. भिंतीकडे तोंड करून बसली आहे, खांदे हलताहेत. मी ओडेलला बोलावून दाखवलं. तो पडद्याजवळ वाकला.

"या गेममध्ये..." तो हळूच म्हणाला, "तिला बसता येतच नाही."