तेविसावं घर

लोकांना आलेल्या वर्डच्या फायलींत कुणी घातक कोड लपवलाय का, हे शोधणं, थोडक्यात संशय घेणं, हेच ठाण्यात बाळकुमच्या कंपनीत दर्शनाचं काम. त्यामुळे लग्नं जुळवणाऱ्या कोपरच्या रमामावशीने मेल केलेलं स्थळही तिने सरळ उघडलं नाही, आधी तपासलं. आणि निघालं की! एका पानाचा बायोडाटा, वर ‘नमो बुद्धाय’, खाली उंची, शिक्षण… आणि आत एक मॅक्रो. म्हणजे फाइल उघडली की गुपचूप चालू होऊन पासवर्ड पळवणारा कोड.

तिने बायोडाटातल्या नंबरवर फोन लावला.

“सम्यक तांबे ना? तुमच्या बायोडाटात व्हायरस आहे.”

“…आई म्हणतच होती, माझ्यात काहीतरी खोट आहे म्हणून.”

भर ऑफिसात दर्शनाला खुदकन हसू आलं.

“हसताय काय? मावशींनी तुमच्याआधी बावीस घरी पाठवलाय. एकाचाही फोन नाही!”

“मेलनेच अडवला असणार, माझ्याकडेही स्पॅममध्येच पडला होता. कुठे बनवलात?”

“कल्याणला, डीटीपीवाल्याकडे. त्याच्याकडे कुणाचातरी जुना होता, त्यातच माझं नाव टाकलं.”

“झालं! लॅपटॉप घेऊन या रविवारी, मावशीकडे.”

तो आला. शाळेत चित्रकला शिकवणारा, नखांत निळा रंग अडकलेला. लॅपटॉप तपासून होईपर्यंत दोनदा पोहे झाले… आणि एका कागदावर दर्शनाचा चेहरा. कपाळावरच्या आठीसकट.

“एवढी आठी आहे मला?”

“फाइल बघताना असते. माझ्याकडे बघताना नव्हती—”

निघताना तो म्हणाला, “साफ फाइल मावशींना पाठवाल ना? त्या परत सगळीकडे धाडणार आहेत.”

“पाठवते.”

काम दहा मिनिटांचं, ते तिने लगेच केलंही. पण पाठवायला बोट धजेना. बावीस घरं! कुठल्याही घरी आवडेल असा माणूस… चार दिवस ती फाइल दाबून बसली.

गुरुवारी त्याचा फोन आला. “दर्शना, साफ नाही झाली अजून?”

“रविवारीच झाली.”

“मग पाठवली का नाहीस?”

तिचे कान तापले. पण खोटं बोलवेना. “आता ती… सगळ्यांकडे उघडेल ना, म्हणून.”



“डिलीट कर,” तो हळूच म्हणाला. “मला कुठे हवीय? मी तर फोन करायला कारण शोधत होतो.”

दर्शनाने फाइल उडवली. आठीचं चित्र मात्र पर्समध्ये घडी करून ठेवलं.