ट्रॅस्कमांचा माग

ट्रॅस्कम आडनावाच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी जमवण्यात विनिफ्रेडने अकरा वर्षं घालवली होती. सत्तरी ओलांडलेली ही निवृत्त शिक्षिका स्वतः ट्रॅस्कम. लग्न केलं नव्हतं, भावंडं उरली नव्हती. आपल्यामागे हे आडनाव बुडणार, याचं तिला मनापासून दुःख होतं. एक तरी जिवंत ट्रॅस्कम सापडावा, एवढाच ध्यास. आडनावांचा माग काढणारे बहुतेक जण दफनाच्या वहीकडे ढुंकून पाहत नाहीत, तशी तीही पाहत नसे. मेलेल्यांनी वंश थोडाच वाढतो?

जूनमधल्या त्या दुपारी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका गावच्या चर्चची देखरेख करणाऱ्या मिस्टर हॉकिननी तीच वही तिच्यापुढे ठेवली.

"घ्या बाई. बाकीच्या सगळ्या चाळल्यात, हिनंच काय घोडं मारलंय?"

ते बाहेर गवत कापायला गेले. आत मेणाचा आणि जुन्या कागदांचा वास होता. आडनावाची सर्वांत जुनी नोंद याच गावची. तिने पानं उलटली. १७४१, गुरुवार, एका ट्रॅस्कमचं दफन. 'या नावाचा अखेरचा माणूस' असा पाद्र्याचा शेरा.

त्याच आठवड्यात, सोमवारी, दूर नॉरफोकमधल्या चर्चच्या देवडीत एक मूल सापडलं होतं. आपलं आडनाव त्यानेच सांगितलं होतं. ही नोंद विनिफ्रेडला तोंडपाठ होती. 'आमची नॉरफोकची शाखा' असं ती कौतुकाने म्हणायची.

तिने पिशवीतून नॉरफोकची दफनाची पानं काढली. तिथल्या कारकुनाने न मागता पाठवलेली, तिने कधी न वाचलेली. १८३६, शुक्रवार. पुन्हा अखेरचा माणूस. आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी डरहॅममधल्या चर्चच्या देवडीत एक मूल. ते तिचे पणजोबा.

तिने दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. रक्ताचं नातं कुठेच नव्हतं. आधी मूल यायचं, मग आठवड्याच्या आत शेवटचा माणूस जायचा.

बाहेर गवत कापायचं यंत्र थांबलं.

"बाई..." हॉकिन दारात उभे होते. "देवडीत एक मूल बसलंय. गावातलं नाही. ट्रॅस्कम म्हणतंय... तुमचं कुणी आहे का?"

आज सोमवार होता. ती घाबरली, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. ती बाहेर आली. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, तरी बाकावरचं चारेक वर्षांचं ते लेकरू चिंब भिजलेलं होतं. तिने आपला स्वेटर काढून त्याच्याभोवती गुंडाळला.

"कुठून आलंस, बाळा?"

त्याने तिच्या हातावर आपला गार हात ठेवला.

"फार दमलीस ना, विनी? जा आता... मी आहे."

तिला विनी म्हणणारी एकटी तिची आई. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.