उलटा मासा

खेळघराच्या फाटकावर बसणाऱ्या ताई माणसांच्या तोंडाकडे क्वचितच पाहायच्या. त्यांचा सगळा भरवसा मनगटांवर. मूल आणि त्याला आणणारं मोठं माणूस, दोघांच्या मनगटावर एकाच चित्राचा शिक्का मारायचा. जाताना दोन्ही मनगटं शेजारी धरून चित्रं पडताळायची, मगच फाटकाची कडी काढायची. खणात चित्रं भरपूर होती: होडी, छत्री, घुबड, मासा. प्रत्येक घराला वेगळं.

पालकांची वर्गवारीही त्यांनी मनातल्या मनात करून टाकली होती. मूल आत सोडताच फोनमध्ये डोकं घालणारे एक. ‘सांभाळून हं!’ असं ओरडून लगेच पेंगणारे दुसरे. आणि एक टायवाले गृहस्थ, एकटेच आपल्या जातीचे. हात धुताना त्यांनी स्वतःचा शिक्का पुसून टाकला आणि तोच शिक्का असलेली बायको परत येईपर्यंत फुगून बाकावर बसले.

“अहो, माझा सख्खा मुलगा आहे तो!”

“असेल की. तुमच्या तोंडावर लिहिलेलं नाही.”

मुलांकडूनही ताईंनी घोटून घेतलं होतं. चित्र जुळलं नाही तर हात सोडवायचा, बाकावर बसायचं आणि ओरडायचं, “हे माणूस माझं नाही!” तसं ऐकू आलं की पालकांनी उठून फाटक अडवायचं. काही वस्ताद पोरं मैत्रिणीकडे राहायला जाता यावं म्हणून तिच्या ओल्या शिक्क्यावर आपलं मनगट दाबायची. पण तसं उमटलेलं चित्र उलटं पडतं. ताई हसत हसत पकडायच्या.

शिक्का नव्हता तो एकाच मुलीला. ताईंच्या चिमीला. सुट्टी लागली, घरी बघायला कोणी नाही, म्हणून त्या आजपासून तिला सोबत आणू लागल्या होत्या.

“हिलाही मारा की,” सकाळी नटबोल्ट तपासायला आलेला मिस्त्री म्हणाला होता.

“का? माझी मुलगी मला ओळखू येणार नाही होय?”

मिस्त्री हसला नाही. “घसरगुंडीच्या वरच्या नळीचा वळणावरचा जोड पुन्हा सैल झालाय. आतून कोणी पाठ लावून रेटल्यासारखा. आणि तिथे मोठं माणूस तर मावत नाही.” त्याने जोड आवळला, हत्यारं गोळा केली आणि नेहमीच्या गप्पा न मारताच निघून गेला.

दुपारी चिमी घसरगुंडीवरून खाली आली. केस दमट, गाल थंडगार.

“आई, वळणावर एक काकू बसते.”

“नळीत? मावते कशी गं?”

“घडी घालून.”

ताई हसणार होत्या. पण चिमी हसत नव्हती.

“तिने विचारलं, तुझ्या हातावर काहीच कसं नाही? मी म्हटलं, मला मारलाच नाही. मग ती म्हणाली, बरं झालं.”

ताईंनी तिचं मनगट उलटून पाहिलं. निळा मासा. अजून ओला.

त्यांनी खण उघडला. माशाचा शिक्का डबीत होता, कोरडा ठणठणीत. आज तो कोणालाच दिला नव्हता. शिवाय या शिक्क्याचा मासा उमटतो तो डावीकडे तोंड करून. चिमीच्या हातावरचा उजवीकडे चालला होता.

रुमाल ओला करून त्यांनी घासलं. कातडी लाल झाली. मासा तसाच.

मग घाईघाईने त्यांनी तो शिक्का शाईत बुडवला आणि स्वतःच्या मनगटावर दाबला.

“हे बघ, माझाही मासा. झालं? चल घरी.”

चिमीने दोन्ही मनगटं शेजारी धरली. बराच वेळ पाहिलं, अगदी ताई पाहायच्या तसं. मग हात सोडवून ती बाकावर जाऊन बसली.

“काकू, हा जुळत नाही,” ती ताईंकडे बघून म्हणाली.

“चिमे, चावटपणा पुरे!” ताईंनी तिचा दंड धरला.

“हे माणूस माझं नाही!”

सगळे फोन एकदम खाली झाले. पालक उठले. टायवाले फाटकाला पाठ लावून उभे राहिले.

“अहो, माझी मुलगी आहे ती!”

“असेल की, ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. “तुम्हीच शिकवलंय ना?”

कोणीतरी ताईंची बोटं एकेक करून चिमीच्या दंडावरून सोडवली.



वर नळीचा जोड कचकन वाजला.

मग प्लॅस्टिकवर काहीतरी घासत सरकू लागलं. सावकाश. थांबत. घडी उलगडत यावं तसं.

चिमीने बूट घातले, केस कानामागे घेतले आणि घसरगुंडीच्या तोंडाशी आपलं मनगट नीट वर करून धरलं, ताईंनी शिकवलं होतं तसं.