चिनहटकरांचा पूर्णविराम

रुचा आठल्येची आणि त्याची पहिली गाठ पडली ती एका पूर्णविरामावरून.

२०११ सालचा सप्टेंबर होता. रुचा मूळची सांगलीची. लखनौमधल्या एका वनस्पती संशोधन संस्थेत दगडफुलांवरची तिची पीएच.डी. संपत आली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, संध्याकाळी हॉस्टेलवर परतून मेसमधली आलूची सब्जी खायची, आणि मग तासभर फक्त मराठीत राहायचं, असा तिचा नेम होता. त्या तासासाठी तिला एक छंद लागला होता. मराठीत एक ऑनलाइन ज्ञानकोश होता. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. रुचा अर्थातच दुरुस्त करणाऱ्यांपैकी.

त्या संध्याकाळी तिनं ‘लखनौ जिल्हा’ हे पान उघडलं आणि तिथला नवा नकाशा पाहून ती थबकलीच. फिकट पिवळ्या उत्तर प्रदेशात एक छोटा लालसर जिल्हा, त्यातून निळ्या दोऱ्यासारखी वळत गेलेली गोमती. किती हळुवार हातानं काढलेला! आणि खाली मात्र ओळ होती — ‘लखनौ जिल्हा चे स्थान उत्तर प्रदेश मध्ये.’

रुचानं ती सुधारली. ‘उत्तर प्रदेशातील लखनौ जिल्ह्याचे स्थान’. शेवटचा पूर्णविराम काढून टाकला.

दहा मिनिटांनी पाहते तर सुधारलेली ओळ तशीच, पण पूर्णविराम परत आलेला! तिनं काढला. तो पुन्हा आला. तिसऱ्या वेळी तिनं पानाच्या बदलांच्या इतिहासात नाव पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं. चिनहटकर! लखनौच्या टोकाच्या चिनहटला जाणाऱ्या ऑटोंचा पुकारा ती रोज ऐकायची; त्या चिनहटला ‘कर’ जोडणारा हा कोण?

तिनं चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘नकाशाखालच्या ओळीला पूर्णविराम देऊ नये. ते वाक्य नाही. वाक्याला क्रियापद लागते.’

उत्तर लगेच आलं. ‘बिना विरामाची ओळ उघडी वाटते. जसे कोणी दार लावायचे विसरून गेला.’

‘दार घराला असते. ही नुसती पाटी आहे.’

‘अच्छा. मग क्रियापद लावू?’

आणि नकाशाखाली नवी ओळ उमटली — ‘लखनौ जिल्हा इथे आहे.’

रुचा एकटीच खोलीत खो खो हसली. मग तिनं विचारलं, ‘आणि चिनहट?’

‘फैजाबाद रोडवर. आपण?’

‘गोमतीच्या अलीकडे.’

‘कोणत्या बाजूने अलीकडे? नकाशावाल्याला असे सांगून चालत नाही…’

तिनं काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखालचं दगडफूल पाहताना ती मधेच गालातल्या गालात हसत होती.

चिनहटकर रोज एका जिल्ह्याचा नकाशा काढायचा आणि रुचा त्याच्याखालची ओळ नीट करायची. तो सगळं विचारायचा. नदीचं नाव ठळक करायचं का? रंगाचा छोटा चौकोन ओळीच्या आधी ठेवायचा की नंतर? ‘दर्शवण्यात आलेले आहे’ लिहू? रुचा लिहायची, ‘नकाशा दिसतोच आहे, दर्शवता कशाला?’ त्यावर तो लिहायचा, ‘आपण फार कडक टीचर आहात. मला आवडतं.’ आणि पाच मिनिटांनी खाली, ‘म्हणजे टीचिंग आवडतं.’

नोव्हेंबरात मात्र तिच्या हातून ते घडलं. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक, मधुकरराव, ज्ञानकोशावरचे जुने संपादक. नकाशांखालच्या ओळी कशा असाव्यात याचे नियम ते एका पानावर लिहीत होते. ‘कशा नसाव्यात’ याची उदाहरणं त्यांनी रुचाकडे मागितली. तिच्या हाताशी एकाच माणसाच्या ओळी होत्या. तिनं नऊ उदाहरणं दिली, नऊही चिनहटकराची. आणि ऐटीत शेवटी लिहिलं, ‘हे मराठी नव्हे. ही हिंदीच्या डोक्यावर ठेवलेली मराठी टोपी आहे.’

लोकांना ते वाक्य फारच आवडलं. कुणी हसला, कुणी आणखी उदाहरणं शोधून आणली, कुणी टोपीला तुरा लावला.

त्यानंतर चिनहटकर आला नाही. बहराइचचा नकाशा झाला होता, बलियाची जागा रिकामी राहिली. आठवडा गेला, दोन गेले. रुचा संध्याकाळी पान उघडायची, रिकामी चौकट बघायची आणि मिटायची. ‘असे लोक येतात नि जातात,’ असं मधुकररावांनी लिहिलं. पण रुचाला ते पटेना. ज्याच्या चुका ती रोज प्रेमानं… हो, प्रेमानंच सुधारत होती, त्याच चुका तिनं चारचौघांत मांडून त्याचं हसं केलं होतं.

मग एके संध्याकाळी तिनं त्याच पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

‘टोपीचे वाक्य माझे आहे. ते पुसत नाही, कारण मी ते लिहिले हे सर्वांना दिसू दे. पण ते वाईट होते. ज्याने इतके सुंदर नकाशे दिले त्याला मी हसले. चिनहटकर, मला माफी समोर येऊन मागायची आहे. रविवारी सकाळी आठ वाजता मी जुन्या लखनौच्या चौक बाजारात गोल दरवाज्यापाशी मक्खन-मलाई खायला जाणार आहे. अंगावर हिरवी शाल असेल.’

खाली मधुकररावांनी लिहिलं, ‘नाशिकहून जमणार नाही. शुभेच्छा.’

रविवारी धुकं असं दाटलं होतं की रिक्षावाल्याची पाठही धड दिसत नव्हती. रुचा गोल दरवाज्यापाशी तासभर उभी राहिली. केशरी फेसानं भरलेल्या पराती, चिकनकारीच्या कपड्यांच्या दुकानांची बंद दारं, शालीत गुरफटलेली माणसं… तिच्याकडे कुणीच आलं नाही. ती परतली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मक्खन-मलाईचा द्रोण हातात घेतला, तेवढ्यात मागून अगदी दबकत आवाज आला.

“सुनिए… आप रुचाजी?”

उंच, सावळा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. चष्म्यावर धुकं बसलं होतं आणि तो ते पुसायलाही विसरला होता.

“चिनहटकर?”

“विश्वजित. विश्वजित जगदाळे.” तो क्षणभर थांबला. “पिछले संडे भी आया था मैं. तिथे… त्या पानवाल्याच्या जवळ उभा होतो.”

“अहो, मग पुढे का आला नाहीत?”

“आप मराठी में बोलतीं… मैं क्या बोलता?”

त्यानं चष्मा काढून पुसला आणि खाली बघत, हिंदीत मराठी मिसळत, तुटक तुटक सांगितलं. वडील फौजेत होते, फलटणकडचे; शेवटची नेमणूक लखनौला, मग चिनहटला घर बांधून इथेच राहिले. आई गेली तेव्हा विश्वजित नऊ वर्षांचा होता. घरात मराठी होती ती आईमुळेच. ती गेली आणि वडील पोरांशी हिंदीतच बोलू लागले. मराठी नावाचा विषयच घरात मिटला. बहीण लग्न होऊन कानपूरला गेली. विश्वजित नकाशे बनवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात लागला.

“मला समजतं सगळं,” तो म्हणाला. “शब्द पण आठवतात, आईचे. पण वाक्य… वाक्य बनवायला डर वाटतो. नकाशाच्या खाली चार शब्द पुरतात ना. म्हणून मी तेच लिहायचो.”

रुचाच्या हातातला द्रोण तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले.

“अरे अरे… आप रोइए मत. टोपीवाली बात सही थी.”

“सही असली म्हणून काय झालं?” ती म्हणाली. “मी चुकले. मला माफ करा.”

“एका अटीवर,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. डाव्या गालावर बारीकशी खळी पडली. “बलिया माझ्यासोबत पूर्ण करा.”

बलिया झाला, बाराबंकी झाला, आणि थंडी सरता सरता ते दर रविवारी चौकात भेटू लागले. आधी द्रोण, मग गल्ल्यांतून रमतगमत फिरणं. तो मराठी बोलायचा, अडखळायचा, हिंदीत घुसायचा, परत यायचा. तीही मधेमधे ‘यार’ म्हणू लागली होती.

“मला ‘तुम्ही’ नको म्हणूस,” एकदा ती म्हणाली. “तू म्हण.”

“तू… म्हणजे डायरेक्ट?”

“डायरेक्ट.”

“लखनौत असं नाही चालत. इथे ‘पहले आप’ असतं.”

“बरं. मग आधी मी. तू फार वेळ लावतोस, विश्वजित.”

त्याचे कान लाल झाले. समोरून सायकलरिक्षा आली म्हणून त्यानं तिला हाताला धरून बाजूला घेतलं. रिक्षा गेली, गल्ली मोकळी झाली… आणि हात मात्र सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं. नोकरी, सांगलीपासून चार-पाच तासांवर, जूनपासून. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. इकडे तिच्या मार्गदर्शकांनी दोन वर्षांचा नवा प्रकल्प पुढे केला होता. हिमालयाच्या पायथ्याची दगडफुलं, तिच्याच आवडीचं काम. काम इथे, माणसं तिथे. आणि एक माणूस इथे, जो काहीच बोलत नव्हता. तिनं पत्राबद्दल सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “पुणे अच्छा है.”

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यानं तिला जेवायला घरी बोलावलं. चिनहटचं घर छोटं, नीटनेटकं. दारात त्याचे वडील, आत्माराम जगदाळे, ताठ कण्यानं उभे.

“आइए, बेटी. बैठिए.”

“नमस्कार काका,” रुचानं वाकून नमस्कार केला. “फोडणीचा काय वास सुटलाय! दगडफूल घातलंत ना मसाल्यात?”

आत्मारामकाका तिच्याकडे बघतच राहिले. ओठ हलले, थांबले. मग आवाज आला तो वेगळाच, खोल कुठूनतरी.

“कळलं व्हय तुला? …ही घालायची. तिच्या हातचं बघून शिकलोय. बस की, उभी का?”

विश्वजितच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तसाच दारात खिळला. चोवीस वर्षांत त्यानं वडिलांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

आणि मग काका थांबेचनात. फलटणची शेती, बायकोचं माहेर, तिचा तापट स्वभाव, तिच्या हातचं वांगं. “पोरांशी मराठी बोलाया गेलो की तीच समोर यायची,” ते भाकरी मोडत म्हणाले. “मग बोलणंच सोडलं. पोराचं नुकसान केलं मी.” विश्वजितनं त्यांच्या ताटात आमटी वाढली.

जेवणं झाली. निरोप घेऊन रुचा निघाली. विश्वजित तिला फैजाबाद रोडपर्यंत सोडायला आला. ऊन कोवळं होतं, रस्त्यावर धूळ उडत होती. ‘पॉलिटेक्निक! पॉलिटेक्निक!’ ओरडत शहराकडे जाणारा एक ऑटो येऊन थांबला.

“उद्या सोमवार,” रुचा म्हणाली.

“हाँ.”

“तुला काहीच म्हणायचं नाही?”

तो ऑटोकडे बघत राहिला. रुचानं पदर सावरला, एक पाय आत टाकला.

“रुचा.”

ती वळली.

“आई दवाखान्यात होती ना… मावशी म्हणाली, घरी जा. मी गेलो. मला थांबायचं होतं. पण मला… मला बोलताच आलं नाही.” त्याचा श्वास लागला होता, जसा काही तो धावत आला होता. “आज बोलतो. जाऊ नकोस. मला तू खूप आवडतेस. तुझं पुण्याचं मन असेल तर जा, मी रागवणार नाही, मी… मी येत जाईन. पण विचारलंस म्हणून सांगतो. जाऊ नकोस.”

“मॅडम, चलना है कि नहीं?” ऑटोवाला वैतागला.

रुचानं पाय खाली घेतला. “नहीं, भैया. आप जाइए.”

ऑटो धूर सोडत निघून गेला. विश्वजित तिच्याकडे बघत होता. विश्वास बसत नसल्यासारखा.

“प्रकल्प मला करायचाच होता,” ती हळूच म्हणाली. “दगडफुलांसाठी थांबले असते, तरी मन इथे लागलं नसतं. कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं. कुणीतरी म्हणजे… तूच, वेड्या.”

“म्हणजे… हो?”

“हो. मलाही तू आवडतोस. केव्हाचाच.”

भर रस्त्यात त्याला काय करावं ते कळेना. त्यानं तिची पर्स घेतली, उगीचच. आणि दोघं घराकडे वळली. त्या दोन मिनिटांच्या वाटेत तिची करंगळी त्याच्या करंगळीत अडकली होती.

आत्मारामकाका अंगणात खाट उन्हात ओढत होते. तिला परत आलेली बघून ते चकित झाले.

“काय गं पोरी? काही राहिलं का?”

“हो काका,” रुचा म्हणाली. “मीच राहिले.”

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पोराच्या हातातल्या पर्सकडे. मग खाटेवरची धूळ उपरण्यानं झटकली आणि तिला बसायला जागा करून दिली.